फझलुर रहमान खान: उंच इमारती आणि एक लेक

विमानाने जेद्दाला उतरून हज करून आलेल्या कुणाला विचारा, तिथे पहिल्यांदा काय दिसले? डोक्यावर पसरलेले पांढरे तंबू, असेच उत्तर बहुधा मिळेल. हज टर्मिनलवर असे 210 तंबू आहेत. वरच्या तोंडातून गरम हवा निघून जाते, खाली सावली राहते आणि एसीशिवाय हजारो यात्रेकरू तिथे थांबू शकतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी हाजींनी त्या सावलीत सामान सांभाळत तास काढले असतील. ती सावली उभारण्यात मोठा वाटा असलेल्या माणसाचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते होते डॉ. फझलुर रहमान खान.

त्यांचा जन्म 3 एप्रिल 1929 रोजी ढाक्यात झाला. वडील गणिताचे शिक्षक. 1952 साली शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन मास्टर्स व एक पीएच.डी. घेऊन बाहेर पडले. पुढचे बरेचसे आयुष्य शिकागोत गेले.

इमारत दिसते कशी हे आर्किटेक्ट ठरवतो. ती वाऱ्यात, वादळात उभी कशी राहील हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. खानसाहेब हे दुसरे काम करत. इमारत जितकी उंच तितका वाऱ्याचा मारा जास्त, आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारे पोलादही जास्त. खानसाहेबांनी सगळी ताकद बाहेरच्या भिंतीत आणली. बांबू आतून पोकळ असूनही वाऱ्यात टिकतो, तसेच काहीसे. त्यामुळे पोलाद वाचले, खर्च वाचला. शिकागोचा 100 मजली हॅनकॉक सेंटर आणि 110 मजली सीअर्स टॉवर याच विचारातून उभे राहिले. सीअर्स टॉवर म्हणजे नऊ चौकोनी नळ्यांची मोळी. 1998 पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत तीच होती.

आपल्याकडे त्यांचे नाव निघालेच तर या उंचीसाठी निघते. एका मुसलमानाने अमेरिकेत एवढे केले, म्हणून आपली छाती फुगते. अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण त्यासाठी आपल्याला काहीच करावे लागत नाही, ही त्यातली सोय आहे.

त्यांच्या आयुष्यातल्या इतर गोष्टी आपल्याकडून काही मागतात. 1971 मध्ये बांगलादेश पेटला, तेव्हा हा बिझी इंजिनिअर शिकागोत मदतनिधी जमवत होता, तिथल्या बंगाली लोकांना संघटित करत होता. परदेशात राहूनही रवींद्रसंगीताची त्यांची ओढ सुटली नाही. मुसलमान असणे आणि बंगाली असणे यांत त्यांना निवड करावी लागली नाही. घरात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म लगेच कळावे.

दुसरी गोष्ट घरातली. 27 मार्च 1982 रोजी जेद्दामध्येच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे 52. त्यांची मुलगी यास्मिन हीदेखील स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली. 2004 मध्ये तिने वडिलांच्या कामावर पुस्तक लिहिले. बापाचे हिशेब, त्याच्या अडचणी, त्याचे उपाय तिने जाणकाराच्या नजरेने मांडले. कुटुंबवत्सल माणूस कोणाला म्हणावे? घर चालवणाऱ्याला तर म्हणावेच. पण आपले इल्म जिच्यापर्यंत पोहोचते अशी लेक मागे ठेवून जाणाऱ्याला, माझ्या मते, आधी म्हणावे.

आपल्या मोहल्ल्यांत गवंडी, सेंट्रिंगवाले, फिटर, प्लंबर यांची कमी नाही. मिस्त्रीचा मुलगा बापाबरोबर साइटवर जातो आणि पुष्कळदा मिस्त्रीच राहतो. मुलगी गणितात हुशार असली तरी बारावीनंतर स्थळे बघायला सुरुवात होते. बांधकामाचे ज्ञान घरात असते, पण ते लेकीपर्यंत जात नाही आणि ड्रॉइंगच्या टेबलापर्यंतही जात नाही.

खानसाहेबांची आठवण ठेवायची असेल तर त्यांचा फोटो फॉरवर्ड करून भागणार नाही. यंदा घरातल्या मुलीने सिव्हिल डिप्लोमाचा फॉर्म आणला, तर "मुलींचं काम नाही ते" असे म्हणण्याआधी यास्मिनचे नाव आठवा. आणि फॉर्मवर सही करा.