डोक्यावरचं ओझं



जळकोटला माझ्या पणज्यानं अंमलदाराचं सामान डोक्यावर घेऊन वेठ केली. मी मुंबईच्या गोदीत गोण्या उचलतो. ओझ्याचं आम्हाला कळतं.

१९४४ साली ब्रह्मदेशात, कलादानच्या खोऱ्यात इंग्रजांनी पश्चिम आफ्रिकेची ८१ वी डिव्हिजन घातली. रस्ता नाही, गाडी नाही. नायजेरिया, गोल्ड कोस्टच्या पोरांनी दारूगोळा, रसद डोक्यावर वाहिली. साहेब गोरा, मानगूट काळी!

आपलं निराळं काय? १८९२ ला महारांची भरती बंद. माणसं कमी पडली तशी १९१७ ला १११ वी महार पलटण काढली. लढाई सरल्यावर १९२१ ला मोडली. विटाळ मधली चार वर्षं रजेवर होता की काय? १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली ती बाबासाहेब भांडले म्हणून.

गोल्ड कोस्टचे सैनिक घरी परतले. कबूल केलेलं पेन्शन मिळेना. २८ फेब्रुवारी १९४८ ला आक्रा शहरात ते बिनहत्यारी मोर्चानं निघाले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटीपो, प्रायव्हेट लॅम्प्टे जागीच गेले. आपल्या एकाही कवितेत ही नावं मी वाचली नाहीत, माझ्याही नाही.

घरच्या ट्रंकेत आज्या-पणज्याचं पलटणीचं बुक, बिल्ला, पेन्शनचा कागद असेल तर काढा. लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.