तारखेवर एवढा राग का?

मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात एक मत फार सोवळं मानलं जातं: आवृत्ती तयार होईल तेव्हाच बाहेर काढावी, तारीख ठरवली की दर्जा गेलाच. ऐकायला बाणेदार आहे. पण या बाण्याची किंमत लिनक्स कर्नेलने मोजलेली आहे.

कर्नेलची 2.4 ही आवृत्ती जानेवारी 2001 मध्ये आली आणि 2.6 डिसेंबर 2003 मध्ये. मधल्या काळात नवं काम 2.5 या प्रायोगिक शाखेत अडकून पडलं. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं, म्हणून वितरकांनी त्यातलं बरंच काम उचलून आपापल्या 2.4 मध्ये घातलं. प्रत्येकाचं कर्नेल निराळं झालं आणि एकाने केलेली चाचणी दुसऱ्याच्या फारशी कामाची राहिली नाही. याला दर्जा म्हणायचं?

आता कर्नेल ठरल्या वेळापत्रकाने चालतं: दोन आठवडे नवं काम आत घेतात, मग दार बंद. पुढे साधारण दर रविवारी एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीसाठीची उमेदवार आवृत्ती) निघते आणि बहुधा सातव्या-आठव्यानंतर पक्की आवृत्ती. हुकलेल्याला पुढची संधी नऊ-दहा आठवड्यांत मिळतेच. मग अर्धंकच्चं काम रेटून घुसवायचं कशाला? पुढची गाडी कधी हे ठाऊक नसतं, तेव्हाच माणसं दाराला लोंबकळतात.

‘पण आरसी वापरतं कोण?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. 2021 मध्ये 5.12 च्या पहिल्याच आरसीत स्वॅप फाइलमधला मजकूर डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जाऊ लागला. म्हणजे फाइल सिस्टिमचाच चुराडा. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन ठेवणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही, आणि कर्नेलचे जनक लिनस टोरवाल्ड्स त्यांतलेच. इंटेलच्या ग्राफिक्स विभागाच्या चाचणी-यंत्रांवर स्वॅप फाइल होती, तिथे ही खोट पकडली गेली. टोरवाल्ड्स यांनी त्या आरसीच्या नावालाच ‘डोंटयूज’ असं शेपूट जोडलं आणि दुसरी आरसी रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच काढली. चाचणीला अशी तऱ्हेतऱ्हेची यंत्रं लागतात, आणि ती कधी जुंपायची हे आधी कळावं लागतं.

विरोधकांचा हुकमी दाखला ‘तयार होईल तेव्हाच’ म्हणणाऱ्या डेबियन या लिनक्स वितरणाचा. पण फ्रीज, म्हणजे नवं काम घेणं बंद, दर दोन वर्षांनी ठरल्या वेळी करायचा, हे डेबियननेही 2009 मध्ये जाहीर केलं. मोकळी ठेवली ती फक्त अखेरची तारीख, गंभीर बग निस्तरेपर्यंत. तेवढी सवलत तारीखवाले कुठे नाकारतात? सातव्या आरसीवर भागलं नाही, तर कर्नेलचीही आठवी निघतेच.