पातळ पत्र्याची दुरुस्ती व वेल्डिंग यंत्राची निवड

मानपाडा हे नाव ठाणे जिल्ह्यात दोन ठिकाणी आढळते. एक मानपाडा ठाणे शहरातील घोडबंदर मार्गावर आहे व दुसरे डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ मार्गालगत. या पट्ट्यात कारखाने व इमारती वाढल्या असल्या, तरी आसपासच्या अनेक कुटुंबांकडे थोडीफार शेती, भाजीपाला व दुभती जनावरे आहेत आणि त्यासोबत एखादी जुनी जीप किंवा मोटारही आहे. जून ते सप्टेंबरपर्यंतचा पाऊस व खाडीवरची खारी, दमट हवा यांमुळे दरवाजांच्या खालच्या कडा, चाकावरील कमानी व तळाचा पत्रा प्रथम गंजतो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व पुढे दर ५ वर्षांनी तपासणीनंतरच तिचे नूतनीकरण होते. त्यामुळे हा पत्रा वेळीच दुरुस्त करणे अगत्याचे ठरते. ही दुरुस्ती घरीच करावी, या हेतूने वेल्डिंगचा सेट विकत घेण्याकडे तरुण शेतकऱ्यांचा कल दिसतो. हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु यंत्राची निवड चुकल्यास पैसा वाया जातो, गाडीचा चांगला पत्राही बिघडतो आणि प्रसंगी घरास आग लागण्याचा धोका संभवतो.

यंत्र घेताना बहुधा त्यावर छापलेला सर्वांत मोठा अँपिअरचा आकडा पाहिला जातो. ही कसोटी नांगराच्या फाळास किंवा ट्रॉलीच्या सांगाड्यास ठीक आहे. मोटारीच्या पत्र्यास ती लागू पडत नाही. तेथे यंत्राची निवड पत्र्याच्या जाडीवरून व घरच्या वीजजोडणीच्या ताकदीवरून करणेच हिताचे आहे.

मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारणतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो व गंजलेल्या जागी तो याहूनही पातळ झालेला असतो. रॉडने चालणारा सेट स्वस्त, हलका व सर्वत्र मिळणारा आहे. मात्र बाजारात सहज मिळणारा २ मिलिमीटरचा बारीक रॉडदेखील नीट जळण्यास सुमारे ४० ते ६० अँपिअरचा प्रवाह मागतो. एवढ्या उष्णतेने पातळ पत्र्यास भोक पडते, भोक भरताना ते अधिक मोठे होते आणि भोवतालचा पत्रा तापून वाकडा होतो. कुशल कारागीर दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्यावर रॉड चालवू शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु नवशिक्याने गंजलेल्या दरवाजावर रॉड लावणे म्हणजे पत्रा जाळणेच होय. रॉडचा सेट घरी असल्यास तो ट्रॉली, फाटक व अवजारे यांसाठीच राखून ठेवावा.

पातळ पत्र्यासाठी गॅसच्या आवरणाखाली बारीक तार सोडणारे यंत्र योग्य होय. गॅरेजमध्ये त्यास सीओटू वेल्डिंग म्हणतात. त्यात ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे येते व कार्बन डायऑक्साइड, अथवा आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण, वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करते. असे यंत्र निवडताना ते ३० अँपिअरच्या आसपास स्थिर चालते की नाही, हे प्रथम पाहावे. २०० अँपिअरचा आकडा येथे निरुपयोगी आहे. दुकानातच जुन्या दरवाजाचा तुकडा नेऊन त्यावर यंत्र चालवून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

गॅसविना चालणारी, पोटात भुकटी असलेली तारही मिळते. उघड्या शेतात वारा असता ती उपयोगी पडते, परंतु ती अधिक तापते, ठिणग्या फार उडवते व वर मळी सोडते. शिवाय अशा तारेसाठी बहुधा यंत्राची धन व ऋण जोडणी उलटवावी लागते. ती सोय नसलेले यंत्र घेऊ नये. आर्गॉन वेल्डिंगचे काम सुबक होते, पण ते मंद चालते व दोन्ही हातांचा दीर्घ सराव मागते. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत जुन्या कारागिरांच्या हाती उत्तम काम देते; तथापि तिची उष्णता दूरवर पसरते, आणि ॲसिटिलीनचा सिलिंडर घराच्या पडवीत ठेवणे मुळीच इष्ट नाही.

आता विजेचा विचार. घरची जोडणी २३० व्होल्टची, एकफेजी असते. यंत्र हा दाब उतरवून सुमारे १७ व्होल्टवर आणते. म्हणून पत्र्यावर ६० अँपिअर देताना घरच्या तारांतून ते साधारण ८ ते १० अँपिअरच ओढते. हे काम १६ अँपिअरच्या, उत्तम अर्थिंग असलेल्या स्वतंत्र प्लगवर होऊ शकते. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ते कदापि करू नये. तेच यंत्र २०० अँपिअरवर चालविल्यास १६ अँपिअरची मर्यादा सहज ओलांडली जाते व तारा तापतात. मंजूर भार व वायरिंग परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. शेतीपंपाच्या जोडणीवरून यंत्र चालविण्याचा मोह टाळावा. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर आहे त्याहून वेगळा वापर हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत ठरतो.

यंत्रावर प्रवाहासोबत टक्केवारीही दिलेली असते. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांपैकी ६ मिनिटे काम व ४ मिनिटे विश्रांती. पत्र्याच्या कामात ही अडचण नसते, कारण तेथे सलग रेघ ओढावयाचीच नसते. इंच-दीड इंचाच्या अंतराने एकेक ठिपका द्यावा, तो निवू द्यावा, दुसरा ठिपका दूरच्या बाजूस द्यावा व अशा रीतीने मधल्या जागा भराव्यात. गंज व रंग खरवडून पत्रा उजळ केल्याशिवाय ठिपका धरत नाही. काम संपताच जोडाच्या दोन्ही बाजूंस गंजरोधक रंग द्यावा. अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात गंज जोडाच्या मागून पुन्हा सुरू होतो.

घरी काय करू नये, हेही स्पष्ट असावे. आधुनिक मोटारीस वेगळी चेसिस नसते. तिचे खांब व तळाच्या पट्ट्या हाच तिचा सांगाडा असतो. त्यांत वापरलेले विशेष पोलाद तापल्याने कमजोर होते व अपघातात दगा देते. असे भाग, इंधनाच्या टाकीलगतची जागा आणि सीएनजी सिलिंडर असलेली गाडी जाणत्या कार्यशाळेतच न्यावी. घरच्या कामापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी, आतील गालिचे व फोम काढावेत, पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवावे आणि काम संपल्यावर निदान तासभर गाडीवर नजर ठेवावी. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर अंगात ताप आणतो. म्हणून मुलामा घासून काढावा व काम हवेशीर जागी करावे. मात्र वाऱ्याचा झोत जोडावर येऊ देऊ नये. ओल्या जमिनीवर किंवा अनवाणी पायांनी वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते. चेहऱ्यावर ९ ते ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा व हातांत चामडी मोजे अवश्य असावेत. लहान मुलांनी वेल्डिंगचा उजेड पाहू नये, याची दक्षता घ्यावी.

वर्षातून एकदोनदा पत्रा जोडणाऱ्या एकट्या कुटुंबाने हा खर्च करणे काटकसरीस धरून नाही. चार-पाच कुटुंबांनी किंवा शेतकरी गटाने मिळून एक चांगला सेट घ्यावा, त्याची नोंदवही ठेवावी व तो हाताळणारी एकच व्यक्ती ठरवावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर व शीट मेटल वर्कर हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. ठाणे व अंबरनाथ येथील संस्था या भागास सोयीच्या आहेत. गटातील एका तरुणास तेथे पाठविणे हे यंत्राच्या खरेदीइतकेच महत्त्वाचे आहे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी खरेदीपूर्वीच अशा गटांची भेट घेऊन पत्र्याची जाडी, वीजजोडणी व शिकलेला हात या तीन गोष्टींची खात्री करून द्यावी. यांपैकी एक जरी उणी असली, तरी पत्रा गॅरेजमध्ये नेणेच शेवटी स्वस्त पडते.