कॉपी-पेस्ट, पण जिवंत

आपल्या आयटीवाल्यांना वाटतं, ओपन सोर्स ही आपलीच मक्तेदारी. गेले काही वीकेंड प्लास्मिडबद्दल वाचतोय आणि माझं ठाम मत झालंय, की ओपन सोर्सची गरज आपल्यापेक्षा बायोलॉजीवाल्यांना जास्त आहे.

प्लास्मिड म्हणजे बॅक्टेरियाच्या पेशीतलं डीएनएचं छोटंसं कडं. मुख्य गुणसूत्रापासून वेगळं, आणि स्वतःच्या प्रती करून घेणारं. त्यात हवा तो जीन बसवायचा, ई. कोलाय बॅक्टेरियात सोडायचा आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचं. वीसेक मिनिटांत एकाचे दोन, सकाळपर्यंत अब्जावधी प्रती! सोबत अँटिबायोटिकला दाद न देणारा एक जीन असतो. खाद्यात ते औषध मिसळलं की प्लास्मिड नसलेले बॅक्टेरिया मरतात. पासवर्डच म्हणा ना. १९७७ साली प्रसिद्ध झालेलं पीबीआर३२२ हे गाजलेलं प्लास्मिड जेमतेम ४,३६१ अक्षरांचं. आपली एखादी कॉन्फिग फाइल याहून मोठी असते.

२००३ मध्ये एमआयटीच्या टॉम नाइटने 'बायोब्रिक' मांडलं. हा गडी मूळचा कॉम्प्युटरवाला. कल्पना साधी: सगळ्या तुकड्यांची टोकं एकसारखी ठेवा, म्हणजे कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडता येईल. थोडक्यात, लायब्ररी!

मग घोडं अडतं कुठे? कागदावर. एका लॅबने दुसरीला प्लास्मिड द्यायचं तर मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट लागतं. अमेरिकेतला १९९५ चा नमुना करार सांगतो: संशोधनाला वापरा, पण परस्पर पुढे देऊ नका. माझी एक मैत्रीण पीएचडी करतेय. तिचं एक प्लास्मिड दोन संस्थांच्या सह्यांमध्ये काही महिने लटकलं. जी गोष्ट एका रात्रीत अब्जावधी होते, तिच्यासाठी महिने!

२००४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ॲडजीन या ना-नफा संस्थेने बरंच सोपं केलं. शास्त्रज्ञ प्लास्मिड एकदा जमा करतात, पुढचं वाटप ती बघते. पण तिथेही पुष्कळ प्लास्मिडना 'पुढे देऊ नका' ही अट असतेच. २०१८ साली ओपनएमटीए नावाचा करार आला. त्यात पुढे द्यायला, बदलायला, विकायलासुद्धा मुभा आहे. माझं म्हणणं एवढंच: करदात्यांच्या पैशातून बनलेली पायाभूत प्लास्मिडं याच करारावर बाहेर पडावीत. अपवाद हवा असेल त्याने कारण द्यावं.

"मग कमवायचं कसं?" कोहेन आणि बॉयर यांनी १९७३ मध्ये प्लास्मिडमध्ये परका डीएनए जोडून दाखवला. त्याच्या पेटंटचे परवाने स्टॅनफर्डने कुणा एकाला न देता शेकडो कंपन्यांना दिले आणि १९९७ पर्यंत सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. दार उघडं ठेवूनही गल्ला भरतो, बरं का!

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्याकडे बग आला की रोलबॅक करतो. बाहेर पडलेला बॅक्टेरिया परत बोलावता येत नाही. म्हणून जैवसुरक्षेचे नियम कडकच हवेत. पण ते काम सुरक्षा समितीचं. मालकी हक्काच्या कागदाने एकही बॅक्टेरिया अडत नाही. अडतो तो छोट्या कॉलेजातला विद्यार्थी, ज्याच्या पाठीशी वकिलांची फौज नसते.

लिनक्स फुकट मिळालं म्हणून आपल्यातले कितीजण इथवर आलो, आठवून बघा. तशी संधी त्यालाही मिळायला नको?