ऑडिटरचीही तपासणी होते, आणि निघते ती फाईल आपली असते

चार्टर्ड अकाउंटंटने सही-शिक्का मारला की वर्षाचे काम संपले, असा आपल्या बाजारात पक्का समज आहे. त्या सहीचीही कुणी तपासणी करतो, हे बहुतेकांच्या गावी नसते. माझ्याही नव्हते. काही महिन्यांपूर्वी आमच्या सी.ए. साहेबांचा फोन आला. ‘‘सेठ, 2024-25 च्या स्टॉकच्या यादीबद्दल विचारणा झाली आहे. 31 मार्चला माल कुणी मोजला?’’

‘‘आम्हीच मोजला. यादीवर माझी सही आहे की.’’

‘‘31 मार्च 2025 ला ईद होती, सेठ.’’

मी गप्प झालो. आदल्या संध्याकाळी चंद्र दिसला होता. सोमवारी सगळे मालेगाव ईदच्या नमाजला गेले होते, आमच्या गोदामाला कुलूप होते आणि मुनीमही आपल्या घरी शीरखुर्मा खात होता. खरी गोष्ट अशी की ती यादी मी जून महिन्यात वहीवरून उतरवून काढली आणि वर 31 मार्चची तारीख टाकली. दरसाल असेच करीत आलो होतो. इतर वर्षी ते खपून गेले, त्या वर्षी ईदने पकडले.

विचारणा करणारा आयकर खात्याचा माणूस नव्हता. तो दुसरा एक चार्टर्ड अकाउंटंट होता. याला ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात, म्हणजे एका सी.ए.चे काम दुसऱ्या सी.ए.ने तपासणे. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने, म्हणजे इन्स्टिट्यूटने, 2002 साली यासाठी बोर्ड नेमले. सुरुवातीला हा मामला शेअर बाजारातील मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांपुरता आहे असेच वाटे. 2022 पासून मात्र इन्स्टिट्यूटने टप्प्याटप्प्याने लहान फर्मनाही यात ओढायला सुरुवात केली आणि बँकांच्या शाखांचे ऑडिट करणाऱ्या फर्मचाही त्यात समावेश केला. सर्टिफिकेट तीन वर्षांचे असते, मग पुन्हा तपासणी. आपल्या गावातले सी.ए. अलीकडे एकाएकी कागद मागू लागले आहेत, त्याचे एक कारण हे आहे.

रिव्ह्यूअर आपली वही नव्याने तपासत नाही. रिटर्न भरणे, सल्ला देणे ही कामेही त्याच्या कक्षेत येत नाहीत. सी.ए.ने जिथे तपासून सही केली आहे, ते ऑडिट, टॅक्स ऑडिट, सर्टिफिकेट, त्यातल्या काही फाइली तो निवडतो आणि एकच प्रश्न विचारतो. या सहीमागे पुरावा काय? आपली माहिती बाहेर जाईल ही भीती नको. गुप्ततेचे बंधन त्याच्यावरही असते. मात्र तो पुरावा सी.ए.च्या खिशात नसतो, तो आपल्या दुकानात असतो, ही खरी गोम आहे.

कापडाच्या धंद्यात सगळ्यात मोठा घोळ स्टॉकचा. आपला ग्रे माल गोदामात थोडा असतो. बाकीचा कुठे पालीला, कुठे बालोत्र्याला रंगाई-छपाईसाठी पडलेला असतो. काही तागे दलालाकडे, काही वाटेत. वहीत तो आपला आहे, पण तिथे आहे की नाही हे कोण सांगणार? ऑडिटचा नियम असा की ज्याच्या ताब्यात माल आहे त्याच्याकडून लेखी घ्यावे, आणि सी.ए.ने ते शक्यतो थेट मागवावे. आपण काय करतो? फोनवर विचारतो, ‘‘भाई, कितना माल पडा है?’’ आणि मुनीम आकडा लिहितो. रिव्ह्यूअरला फोन दाखवता येत नाही.

मोजणीचेही तसेच. ती 31 मार्चलाच झाली पाहिजे असे नाही. दोन दिवस आधी मोजा आणि मधल्या दिवसांची आवक-जावक जोडून-वजा करून दाखवा, ते चालते. 2025 मध्ये शनिवारी, 29 तारखेला, आम्ही सहज मोजू शकलो असतो. रोजे होते हे खरे, पण रोज्यात दुकान चालते तर मोजणीही चालते. आणखी एक. आमचे हमाल आणि मुनीम मोजणीच्या चिठ्ठ्या उर्दूत लिहितात, माझेही शिक्षण उर्दूतले. सी.ए.च्या पोराला वाचता येत नाहीत म्हणून त्या चिठ्ठ्या फेकून आम्ही टाइप केलेली यादी देत असू. ही चूक होती. मूळ चिठ्ठी हाच पुरावा आहे, मग लिपी कोणतीही असो. सोबत मराठी नक्कल लावा, पण चिठ्ठी ठेवा.

उधारीच्या बाकीची पत्रे, मालकाचे लेखी निवेदन (जे आपण न वाचता, कधी कधी कोरेच, सही करून देतो), लहान कारखानदारांची उद्यम नोंदणी, हे बाकीचे कागद. उद्यमचा कागद मागितला की व्यापारी चिडतात. पण 1 एप्रिल 2024 पासून नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे 15 दिवसांत, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत न दिल्यास तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षातच धरला जातो. लूमवाला नोंदणीकृत आहे की नाही, हे कागदाशिवाय सी.ए.ने लिहावे तरी कसे?

आमच्या प्रकरणात मुनीमाने तोडगा सुचवला. 29 मार्चची तारीख टाकून नवी यादी करू, चार हमालांचे अंगठे घेऊ, साहेबांनी फाईलला लावावी. खोटे का बोलू, मलाही ते पटले होते. साहेबांनी साफ नकार दिला. ऑडिटची फाईल रिपोर्टनंतर 60 दिवसांत बंद करायची असते आणि निदान सात वर्षे जपायची असते, त्यात आता नवा कागद घुसवणे म्हणजे गुन्ह्यावर गुन्हा, असे ते म्हणाले. मोजणीची विचारपूस आपण केली नाही, हे त्यांनी रिव्ह्यूअरला लिहून दिले. शेरा त्यांच्या नावावर बसला. यादी खोटी माझी होती.

सगळेच सी.ए. असे नसतात. रिव्ह्यू जवळ आला की तीन वर्षांची पत्रे एका दुपारी सहीला पाठवणारेही आहेत. रिव्ह्यूची तयारी ती नव्हे. अशी पत्रे आली तर सही करू नका. आणि काहीही न विचारता स्वस्तात सही देणारा मिळाला म्हणून खूश होऊ नका. 2019 पासून सी.ए.च्या प्रत्येक सर्टिफिकेटवर आणि रिपोर्टवर यूडीआयएन हा 18 आकड्यांचा क्रमांक लागतो. बँकेचा मॅनेजर तो इन्स्टिट्यूटच्या साइटवर बसल्या जागी पडताळतो. बनावट शिक्का तिथेच उघडा पडतो, आणि अडते ते आपले कॅश क्रेडिट.

सूरह अल्‌-बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत, आणि ती आहे उधारीच्या लिखापढीबद्दल. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हे त्यात आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला इजा पोहोचू नये, हेही आहे. वाझ ऐकताना हे आपण अनेकदा ऐकले असेल. मी खोटी तारीख टाकून लिहिणाऱ्यालाच इजा पोहोचवली, हे त्या फोननंतर लक्षात आले.

आता आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी ठरली आहे. सी.ए.चा मुलगा हजर राहणार, दोघे मोजणार, तिसरा लिहिणार. पाली-बालोत्र्याच्या प्रोसेसवाल्यांना पडून असलेल्या मालाची विचारणा आताच पाठवून पाहिली. दोघांची उत्तरे आली आहेत. एकाच्या पत्रात आमच्या वहीपेक्षा 11 तागे कमी आहेत. त्याचा शोध चालू आहे.