टाकीचा तळ माशासाठी ठेवा

मुलांच्या हट्टापायी गोल्डफिश घरी येतो. सोबत काचेची टाकी येते आणि तळात टाकायला निळ्या-गुलाबी खड्यांची पिशवीही येते. सोलापूरकरांनो, ती पिशवी टाकीत रिकामी करण्याआधी जरा थांबा.

गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला मासा. तळ उकरून खाणं शोधायचा त्याचा स्वभावच आहे. तळातलं हाती लागेल ते तोंडात घेतो, चाळतो, खाण्याजोगं ठेवतो आणि बाकीचं थुंकतो. वाटाण्याएवढा खडा मात्र तोंडात शिरतो आणि कधी कधी तिथेच अडकून बसतो. म्हणून एक तर बारीक वाळू घ्या, नाही तर तोंडात जाणारच नाहीत असे लिंबाएवढे गुळगुळीत गोटे घ्या. बांधकामाची क्रश सँड नको. तिच्या कडा धारदार असतात, त्यांनी तोंड सोलवटतं.

दुसरी गोष्ट आपल्या पाण्याची. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं, तेही रोज नाही. ते साठवून पुरवून वापरावं लागतं. गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. खड्यांचा जाड थर असला की विष्ठा आणि उरलेलं खाणं फटींत जाऊन सडतं, पाण्यात अमोनिया वाढतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. असा तळ धुवायला लागणाऱ्या बादल्या आणायच्या कुठून?

म्हणून वाळूचा थर दोन सेंटिमीटरच ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला साधारण सहा किलो वाळू पुरते. तिच्यावर घाण वरच राहते, ती नळीने थोड्या पाण्यातच ओढून घेता येते. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडांना चांगलं खत होतं. फिल्टर चांगला असेल तर तळ अगदी मोकळा ठेवला तरी चालतो.

वाळू टाकण्याआधी पाणी स्वच्छ येईपर्यंत बादलीत धुवा. चिमूटभर वाळूवर किंवा गोट्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, त्याने पाणी आणखी जड होतं. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले याच कारणाने टाळा.

घरात आधीच रंगीत खडे असतील तर सगळे एका दिवसात काढू नका. घाण पचवणारे उपयुक्त जीवाणू त्यांच्यावर वाढलेले असतात. दर आठवड्याला थोडे थोडे काढा आणि त्या काळात फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली धरू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.

नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा वर्षांहूनही जास्त जगतो. मुलांना एवढं जरूर सांगा: टाकी आपल्याला पाहायची असते, माशाला तिच्यात राहायचं असतं.