वाण आणि गुण

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उजाडायच्या आत आम्ही तिघं नाशिकहून निघालो. गाडी चालवायला एक तरुण वाइनमेकर, शेजारी आयुष्यभर टेबल द्राक्ष पिकवलेले आमचे नाना, मागे मी. डिकीत टिकाव, फावडं, रिफ्रॅक्टोमीटर आणि रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या. बेत साधा होता. इगतपुरीकडून सुरुवात करून गंगापूर, दिंडोरी आणि शेवटी निफाड, अशी जिल्ह्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे रेघ मारायची. वाटेत शेनिन ब्लां दिसेल तिथे थांबायचं, मणी चाखायचे, मालक हो म्हणाला तर दोन ओळींच्या मध्ये खड्डा घ्यायचा. वाइन सगळ्यात शेवटी.

पर्यटक हे सगळं उलट्या क्रमानं करतो आणि त्याचं काही चुकत नाही. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते ती ग्लाससाठी आणि सूर्यास्तासाठी. पण आपण, म्हणजे हे मासिक वाचणारे बागायतदार आणि वाइनमेकर, एकमेकांच्या बागेत कधी जातो? चर्चासत्राला जातो, औषध कंपनीच्या शिवारफेरीला जातो. नुसता मणी चाखायला तीस किलोमीटर गेलेला बागायतदार मला अजून भेटायचा आहे. मीही या दौऱ्याआधी गेलो नव्हतो.

फ्रेंचांचा ‘तेरवार’ हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक टेस्टिंग रूममध्ये ऐकू येतो. माती, उतार, ऊन-पाऊस, वारा आणि माणसाची राबणूक या सगळ्यांनी मिळून फळाला दिलेली ओळख, असा त्याचा ढोबळ अर्थ. आपल्याला हे परकं नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आणि जळगावचं भरीताचं वांगं आपण गावाच्या नावानंच मागतो. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण तर जवळजवळ व्याख्याच आहे. म्हणीतला वाण म्हणजे रंग आणि आपला वाण म्हणजे जात, तेवढा श्लेष चालवून घ्यावा. वाण एकच, शेजार बदलला की गुण बदलतो.

आपल्या जिल्ह्यात हा शेजार किती झपाट्यानं बदलतो, ते पावसाच्या आकड्यांत दिसतं. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पंचेचाळीस किलोमीटरवर नाशिक शहरात सातशेच्या आसपास. तिथून आणखी पूर्वेला निफाडात त्याहूनही कमी. नाश्त्यानंतर निघालेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत तीन हवामानं ओलांडतो. एप्रिल छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, तो काळ ढगाखाली गेला तर ऑक्टोबरात काडीला फूट येते पण घड दिसत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. फ्रान्समधला वेल हिवाळ्यात झोपतो. आपला झोपतच नाही. दोन छाटण्या खाऊन तो वर्षभर जागा राहतो आणि पावसाळ्यातले चार महिने त्याच्यावर घडच नसतो. त्यामुळे तिकडच्या पुस्तकातला तेरवार जसाच्या तसा इकडे लागू पडत नाही. आपला तेरवार घड दिसायच्या आधीच निम्मा ठरलेला असतो.

मुकणे धरणाकडच्या पहिल्या बागेत माती तांबूस, बोटाला चिकटणारी. मणी लहान, सालीला ताण, आणि चावल्यावर दाताच्या मुळाशी आंबट कळ. दिंडोरीच्या उतारावरच्या मुरमाड रानात तोच शेनिन ब्लां सौम्य, मागून किंचित पेरूसारखा वास. निफाडच्या काळ्या भारी जमिनीत मणी टपोरा, गोड आणि तोंडात लवकर संपणारा. गंमत अशी की रिफ्रॅक्टोमीटर तिन्ही ठिकाणी बावीसच्या आगेमागेच थांबला. आपण माल विकतो तो याच आकड्यावर आणि टनावर.

नाना प्रत्येक बागेत आधी वर, मांडवाकडे बघायचे. निफाडात त्यांनी आपल्या जुन्या शेकोट्यांची गोष्ट काढली. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं, मणी तडकू नये म्हणून रात्र जागवायची. दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत वाढली की निर्यातीच्या थॉमसनवर पिंक बेरीची भीती. ऐकता ऐकता वाइनमेकर हसला. “नाना, तुम्ही ज्या थंडीला शिव्या घालता, ती मला विकत मिळाली तर घेईन.” रात्र गार असली की मण्यातलं आम्ल टिकतं आणि काळ्या वाणांना रंग चढतो. टेबल द्राक्षवाल्याचं संकट ते वाइनवाल्याचं भांडवल, आणि दोघांचा बांध एकच.

दिंडोरीतला खड्डा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वरची वीतभर माती काळी आणि भुसभुशीत. खाली एकदम पिवळट मुरूम, त्यात चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली कुजत चाललेला कातळ. मुळं बघायला आम्ही गुडघ्यावर बसलो. जाड मुळं दोन-चार. बाकी सगळा केसांसारखा झुबका ड्रिपरच्या बरोबर खाली, ओल जिथवर पोचते तिथवर. त्यापलीकडे मुरूम कोरा. वरच्या काळ्या मातीचं कोडं मालकानंच सोडवलं. “ती धरणातल्या गाळाची, दादा. लागणीआधी ट्रकनं आणून पसरली. नुसत्या मुरमात वेल धरतो का?” त्याच्या बोलण्यात अभिमान होता आणि तो रास्तही होता. माळरानावर बाग उभी करायची आपली ही जुनी पद्धत आहे. पण मग पुढे कुणी त्याच वाइनच्या ग्लासात कातळाची चव शोधायला लागला, तर त्याला काय सांगायचं? वेलीची कातळाशी अजून ओळख झालेली नाही. तिला ठाऊक आहेत धरणाचा गाळ आणि सोळा मिलिमीटरची नळी.

खुंटाचंही तसंच. क्षार आणि पाण्याचा ताण सोसायला आपण डॉगरिज आणला, आणि टेबल द्राक्षात त्यानं आपल्याला तारलं. पण त्याची उचल जबर. वाइनच्या बागेत कॅनॉपी दाट होते, घड सावलीत जातात, रसाचा पीएच वर सरकतो आणि प्रत्येक बाग थोडीथोडी सारखी लागायला लागते. ११०आर घेतलेल्यांना हा फरक कळतो. तरी नवीन लागणीत सवयीनं डॉगरिज मागणारे आहेत.

परतीच्या वाटेवर वाइनमेकरनं मला अडवलं. “काका, तिन्ही बागांच्या छाटणीच्या तारखा वेगळ्या. खुंट वेगळे, माल वेगळा धरलेला. चवीतला फरक मातीचा कशावरून?” बरोबर होतं त्याचं. माझं दोन दिवसांचं सगळं चाखणं एका प्रश्नात निकालात निघालं. उत्तर द्यायला आपल्याकडे वेगळा ठेवलेला रसच नाही. तीन गावांचा शेनिन ब्लां एकाच दिवशी वायनरीत येतो, काट्यावर चढतो, ब्रिक्स लिहिला जातो आणि एका टाकीत जातो. गुण असलाच तर तो तिथे मिसळून जातो. शनिवारी दुपारी एका टेस्टिंग रूममध्ये आम्हाला ‘आमच्या मातीची मिनरॅलिटी’ ऐकवली गेली. कुठल्या गावची माती, असं नानांनी विचारल्यावर तो पोरगा आत विचारून आला आणि म्हणाला, “सर, नाशिकची.”

त्या पोराला हसण्यात अर्थ नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळून दहाहून अधिक वर्षं झाली, आणि त्या एका नावाखाली आपण इगतपुरीचा पाऊस आणि निफाडची थंडी एकत्र बांधून ठेवली आहे. पिशवी शिवणं गरजेचं होतं, पण आत कप्पे करायचे राहिले. बर्गंडीतल्या बांधाबांधांच्या बागा २०१५ साली जागतिक वारशात गेल्या. तिथे शतकानुशतकं प्रत्येक तुकड्याचा रस वेगळा ठेवला गेला, म्हणून तिथे तुकड्याला नाव आहे.

बागायतदार बिचकतो, त्याला कारण आहे. २००१च्या धोरणानंतर भराभर वाइन द्राक्षं लावली, आणि २००८-०९च्या मंदीत घेणारा न मिळाल्यानं अनेकांनी वेल उपटले किंवा कापून त्यावर टेबल द्राक्षाची कलमं भरली. अशा माणसाला ‘आपल्या मातीचा गुण जप’ म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. त्याला आधी भाव हवा. म्हणून ही विनंती मुख्यतः वायनऱ्यांना आहे. येत्या हंगामात प्रत्येकीनं तीन गावांचा एकच वाण घ्यावा, एकाच आठवड्यात छाटलेला, एकाच खुंटावरचा. क्रेटवर गट नंबर टाकावा. पन्नास लिटरच्या बरणीत वेगळा आंबवावा, तेच यीस्ट, तेच तापमान. मग ते तीन ग्लास त्या तीन बागायतदारांपुढे ठेवावेत. आपल्यातल्या कितीजणांनी आपल्याच बागेची वाइन, दुसऱ्याच्या मालाची भेसळ नसलेली, प्यायली आहे? नानांनी तर वाइनच पहिल्यांदा प्यायली, आणि म्हणाले, “चांगलीय. पण ह्यात कुणाचं रान आहे ते कळंना.”

तीन गावांच्या मातीच्या पिशव्या सोमवारी कार्यालयात आणल्या. टेबलावर ओळीनं मांडल्या, गावांची चिठ्ठी लावली. दुपारपर्यंत अक्षरजुळणीच्या टेबलावरून विचारणा आली, तुळशीच्या कुंडीला थोडी मिळेल का. निफाडची पिशवी मी लगेच देऊन टाकली.